पडायला जागा हवी : एकट्याने हसवण्याच्या शिक्षणाविषयी

१

मराठीत विनोदाविषयी कमी लिहिले गेले आहे, असे कोणी म्हणणार नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही मालिका आपल्याला शाळेपासून पाठ असते. न. चिं. केळकरांनी ‘हास्य-विनोद-मीमांसा’ लिहून माणूस का हसतो याचा सविस्तर खल केला. विनोदाचे प्रकार, उपहास आणि उपरोध यांतला फरक, शाब्दिक विनोद आणि प्रसंगनिष्ठ विनोद यांवर आपल्याकडे प्रबंधही पुष्कळ आहेत. मात्र या साऱ्या लेखनात एक प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो : हसवणारा माणूस हसवायला शिकतो कुठे आणि कसा?

हा प्रश्न न विचारण्याचे कारण उघड आहे. आपली समीक्षा विनोदाकडे छापील मजकूर म्हणून पाहते. पुस्तकात विनोद तयार होऊनच येतो. तो कितीदा फसला, कुठला शब्द काढल्यावर लोक हसले, कुठे थांबल्यावर हशा वाढला, याची खूण पानावर उरत नाही. गवयाची तालीम, घराणे, गुरू यांविषयी आपण आदराने बोलतो. विनोदी माणसाला मात्र ‘देवाची देणगी’ म्हणून सोडून देतो.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. ग्रंथालये, रद्दीतले जुने अंक आणि ध्वनिफिती यांतून जमेल तसे गोळा करत आलो. अलीकडे त्यात एका सवयीची भर पडली आहे. पुण्यात मराठी-हिंदी ओपन माइक जिथे होतात, त्या छोट्या खोल्यांत मी मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : आधी नाव नोंदवायचे, पाळी आली की चार-पाच मिनिटे मिळतात, हातात माइक, मागे भिंत, समोर पंधरा-वीस माणसे आणि त्यातली निम्मी स्वतःच्या पाळीची वाट पाहणारी. ती हसतात ती नाइलाजाने हसू आले तरच. तिथे बसून जे पाहिले आणि या कलेचा जो इतिहास वाचला, त्यावरून माझे एक मत बनले आहे. स्टँड-अप ही लोकांसमोर पडून शिकण्याची कला आहे आणि पडायला जागा नसेल तर ती शिकता येत नाही. प्रस्तुत लेखात या मताची मांडणी करायची आहे.

२

सुरुवात जुन्या ग्रंथापासून करतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातले हास्याचे सहा भेद (स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित) आपल्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्यापेक्षा या विषयाला जवळचा आहे तो सत्ताविसावा अध्याय. त्यात प्रयोगाच्या ‘सिद्धी’चा, म्हणजे प्रयोग साधला की नाही हे कशावरून ओळखावे याचा विचार आहे. भरत एक दैवी सिद्धी सांगतो आणि एक मानुषी. मानुषी सिद्धी पुन्हा दोन प्रकारची : वाणीने व्यक्त होणारी आणि शरीराने व्यक्त होणारी. प्रेक्षकाचे स्मित, अर्धे हसू, मोठ्याने हसणे, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार ही पहिलीची लक्षणे. अंगावर रोमांच येणे, जागेवरून उठणे, वस्त्र किंवा अंगठी काढून देणे ही दुसरीची. तमाशातली दौलतजादा आठवावी.

याच अध्यायात ‘घात’ म्हणजे प्रयोगातली विघ्नेही मोजली आहेत. काही दैवी : वारा, आग, पाऊस. काही नटाच्या स्वतःच्या चुकीने होणारी. पाठ विसरणे हे त्यांतलेच. काही परक्यांनी केलेली, आणि ही यादी वाचताना हसू येते : मत्सराने आरडाओरडा करणे, शेण फेकणे, ढेकळे फेकणे. मध्येच टोमणा मारून कलाकाराची लय तोडणारा प्रेक्षक ही अमेरिकेने आपल्याला दिलेली भेट नव्हे, हे यावरून दिसते.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की इथे यशाचा निर्णय संहितेकडे पाहून होत नाही. तो प्रेक्षकाच्या अंगावर वाचला जातो. हसू कुठल्या प्रतीचे आले, किती आले, कुठे अडले, याची नोंद घ्यावी, असा हा विचार आहे. ओपन माइकवरची मुले मोबाइलवर स्वतःचे ध्वनिमुद्रण लावून हशा कुठे आला ते रात्री ऐकत बसतात, तेव्हा नकळत तेच करत असतात.

एक भेद मात्र आजच्या सभागृहात नव्याने करावा लागतो, तो म्हणजे हशा आणि टाळी यांचा. टाळी माणूस ठरवून वाजवतो. ती संमती असते. हसू ठरवून येत नाही. नवशिका कलाकार टाळीला लवकर भुलतो. ‘आई’, ‘जवान’, ‘शेतकरी’ असा शब्द उच्चारला की टाळी मिळते, आणि त्या दिवशी त्याचे शिकणे थांबते. वहीत मी टाळीसाठी आणि हशासाठी वेगळ्या खुणा करतो. ज्यांच्या नावापुढे टाळीच्या खुणा जास्त, त्यांचा पुढच्या महिन्याचा कार्यक्रम बहुधा जसाच्या तसा असतो.

३

आता या कलेच्या आधुनिक माहेराकडे, अमेरिकेकडे वळू. तिथे कलाकारांनी आपल्या शिक्षणाविषयी मोकळेपणाने लिहून-सांगून ठेवले आहे.

स्टीव्ह मार्टिनचे ‘बॉर्न स्टँडिंग अप’ (२००७) हे आत्मकथन मला या विषयावरचे सर्वांत उपयोगी पुस्तक वाटते. दहाव्या वर्षी तो डिस्नेलँडमध्ये माहितीपुस्तिका विकत होता. पुढे तिथल्याच जादूच्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांना हातचलाखी दाखवू लागला. नंतर नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानातल्या बर्ड केज या छोट्या नाट्यगृहात त्याने दिवसाला अनेक प्रयोग केले. स्वतःच्या अठरा वर्षांच्या स्टँड-अपचा हिशेब तो असा देतो : दहा वर्षे शिकण्यात, चार घासूनपुसून घेण्यात आणि चार अफाट यशात. एखाद्या रात्री उत्कृष्ट होणे फारसे अवघड नसते. परिस्थिती कशीही असो, रोज चांगले होणे अवघड असते, हा त्याचा अनुभव गाण्या-बजावण्यातल्या कोणालाही पटेल. दुसरी गोष्ट त्याच्या विचाराची. विनोद म्हणजे ताण निर्माण करणे आणि शेवटच्या वाक्याने तो सोडणे, हे सूत्र त्याने तपासले आणि स्वतःला विचारले, शेवटचे वाक्य दिलेच नाही तर? प्रेक्षक हसण्याची जागा स्वतः निवडतील का? या प्रश्नाचे उत्तर टेबलाशी बसून मिळणारे नव्हते. ते मिळवायला अर्ध्या रिकाम्या खोल्या लागल्या. पुढे हजारोंनी भरलेली मैदाने मिळाल्यावर त्या प्रयोगाला वावच राहिला नाही, आणि १९८१ मध्ये त्याने स्टँड-अप सोडले.

रिचर्ड प्रायरची गोष्ट वेगळी आहे. इलिनॉयमधल्या पिओरिया गावचा हा कृष्णवर्णीय मुलगा न्यूयॉर्कला आला तेव्हा बिल कॉस्बीच्या धाटणीचे, गोऱ्या कुटुंबांना रुचेल असे सोज्वळ विनोद करत होता आणि त्याचे चांगले चालले होते. १९६७ मध्ये लास वेगासच्या अलादीन हॉटेलात तो मंचावर आला, समोरच्या प्रेक्षकांकडे पाहिले आणि कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला. नंतर काही काळ तो बर्कलीत राहिला. परतला तेव्हा त्याच्या बोलण्यात पिओरिया होते : आजीचा कुंटणखाना, गल्लीतले दारुडे, मार, भीती. १९७९ च्या ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ या चित्रपटात तो स्वतःला आलेला हृदयविकाराचा झटका करून दाखवतो. त्याचे हृदयच त्याला दरडावू लागते, आणि बोलता बोलता तो मंचावर खरोखर खाली पडतो. एका देहात दोन पात्रे, आणि दोन्ही तोच. हसता हसता आपण एका माणसाचे मरण पाहतो आहोत हे लक्षात येते. प्रायरचे शिक्षण म्हणजे येत असलेले विसरण्याचे शिक्षण होते.

जोन रिव्हर्सचे शिक्षण कारकुनी शिस्तीचे. तिच्यावरच्या २०१० च्या माहितीपटात तिच्या घरातले कपाट दिसते : विषयवार लावलेली, टंकलिखित विनोदांची हजारो कार्डे. जेरी साइनफेल्डची कथा आणखी बोलकी आहे. दूरचित्रवाणीवरची त्याची मालिका १९९८ मध्ये संपली. त्याच वर्षी त्याने आपले जुने सारे विनोद एकदा अखेरचे सादर करून बाजूला ठेवले आणि कोऱ्या पाटीने पुन्हा छोट्या क्लबांत जाऊ लागला. २००२ च्या ‘कॉमेडियन’ या माहितीपटात हे चित्रित झाले आहे. जगप्रसिद्ध माणूस मंचावर उभा आहे, मध्येच पुढचे विसरतो, हातातल्या कागदाकडे पाहतो. नावामुळे पहिली काही मिनिटे टाळ्या मिळतात. त्यानंतर त्यालाही नवशिक्याइतकीच शांतता वाट्याला येते. कीर्ती ही शिकण्याची सूट नसते, हे इतक्या स्वच्छपणे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

चौघांची प्रकृती चार दिशांची. समान धागा एकच. त्यांना वाईट होण्याची मुभा असलेल्या जागा मिळाल्या आणि त्या जागी पुन्हा पुन्हा जाता आले.

४

या जागा आभाळातून पडत नाहीत. न्यूयॉर्कमधले ‘द इम्प्रोव्हिझेशन’ १९६३ मध्ये सुरू झाले, लॉस एंजेलिसचे ‘कॉमेडी स्टोअर’ १९७२ मध्ये. कॉमेडी स्टोअरमध्ये एका पिढीने धडे गिरवले. पण मंचावर उभे राहणाऱ्यांना तिथे मानधन मिळत नसे. मालकीणबाई मिट्झी शोअर यांची भूमिका अशी की ही शिकण्याची जागा आहे, शाळा आहे. शाळेत विद्यार्थ्याला कोण पैसे देते? तिकिटे मात्र प्रेक्षक विकत घेत होते आणि पेयांचे पैसे भरत होते. १९७९ मध्ये कलाकारांनी संप केला आणि अखेर एका सादरीकरणामागे पंचवीस डॉलर असा तोडगा निघाला. रक्कम किरकोळ, पण शिकणे हेही काम आहे, आणि त्या कामावर धंदा उभा असेल तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, हे तत्त्व मान्य झाले.

हा संप आपल्याला दूरचा वाटू नये. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ याच नावाची जागा उघडली आणि तिची शाखा २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला, जुन्या गिरण्यांच्या परिसरात आली. आज आपल्या शहरांतल्या काही ओपन माइकवर पाच मिनिटांसाठी कलाकारालाच नोंदणीचे पैसे भरावे लागतात. ज्याच्या घरी पगार येतो तो आठवड्यातून चारदा पडू शकतो. ज्याला रात्रीची शेवटची बस पकडून हडपसरच्या पुढे जायचे आहे, तो महिन्यातून एकदा. मग पहिल्याला आपण ‘प्रतिभावान’ म्हणतो. विनोदाच्या समीक्षेत बसच्या वेळापत्रकालाही जागा असायला हवी, असे मला वाटते ते यामुळे.

५

आपल्याकडे अशा जागा नव्हत्या असे नाही. नाव वेगळे होते एवढेच.

तमाशाचा फड ही पहिली. गण, गौळण, बतावणी, वग या क्रमातली बतावणी म्हणजे जवळजवळ निव्वळ बोलण्यावर उभा असलेला विनोद. गौळणीत पेंद्या आणि मावशी हे ठरलेले मुखवटे; पण त्यांच्या तोंडचे बोलणे त्या त्या गावी, त्या त्या रात्री घडत असे. नवा सोंगाड्या जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकायचा. गावचा पाटील कुठे बसला आहे, कालच्या बाजारात काय झाले, एवढी माहिती घेऊन तो मंचावर जाई. हेही विसरता कामा नये की ही विद्या जपणारे बहुतेक कलावंत ज्या जातींतून आले, त्यांना गावात पाटलासमोर मान वर करून बोलण्याचीही मुभा नव्हती. सोंगाड्याच्या टोपीखाली ती मुभा रात्रीपुरती मिळत असे. थट्टा नेमकी किती करायची, कुठे थांबायचे, हे चुकले तर त्याचा परिणाम फक्त शांततेपुरता राहत नव्हता.

दुसरी जागा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांची. दादा कोंडके आणि निळू फुले हे दोघेही या वाटेने आले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये कोंडके ताज्या घडामोडींवर जी ऐनवेळची भर घालत, तिची आठवण प्रेक्षक अजून काढतात. संहिता सबनिसांची होती. तिच्या फटीत दररोज नवे उगवत होते. छापील वगनाट्य वाचून ते समजणार नाही.

तिसरी जागा कथाकथनाची. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव हिंडून कथा सांगत. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. एक माणूस आणि त्याचा आवाज. स्टँड-अपच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी प्रकार मला हाच वाटतो. गणेशोत्सवाचा मांडव, महाविद्यालयाचे संमेलन, साखर कारखान्याचा कार्यक्रम अशा ठिकाणी समोरचा श्रोता तिकीट काढून आलेला नसे. तो उठून जायला मोकळा असे, आणि शिकणाऱ्याला असाच श्रोता हवा असतो.

मग पु. लं.चे काय? साठच्या दशकात ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करून त्यांनी मराठी माणसाला एकपात्री प्रयोगाची गोडी लावली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रे एका देहात नाचवली. या दोन्हींविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो की त्यांनी दिलेला वारसा स्टँड-अपच्या नवशिक्याला मदत करतो तसा अडवतोही. तिथे हसू येते ते दुसऱ्यांचे : चाळकरी, वऱ्हाडी, मास्तर, काका. सांगणारा स्वतः समंजस, काहीसा अलिप्त निवेदक असतो. संहिता बांधेसूद असते, आणि ध्वनिफितींमुळे ती श्रोत्यांनाही पाठ झाली. पु. लं.चे चाहते वाक्य येण्याआधीच हसतात. त्यांना ओळखीचा आनंद हवा असतो. स्टँड-अपमध्ये याच्या उलट घडावे लागते. वाक्य पूर्ण होईपर्यंत ते कुठे वळणार हे कळता कामा नये, आणि हसू ज्याच्यावर यायचे तो बोलणारा स्वतःच असतो. म्हणून आपल्या ओपन माइकवर दिसते ते असे : मुलगा छान नकला करतो, गावाकडचे काका उभे करतो, खोली हसते. मग माइक हातात घेऊन ‘मी’ म्हणतो आणि गडबडतो. ‘मी’ कसा उभा करायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

६

हे शिकणे प्रत्यक्षात कसे होते, याचे एक उदाहरण वहीतून देतो. ज्या मुलीचे आहे तिची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेली, एका घरात खोली घेऊन राहणारी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिचा विनोद असा होता :

“आमच्या घरमालकीणबाई इतक्या कडक आहेत, की त्यांनी मला पाहुणे आणायचे नाहीत, अंडी करायची नाहीत, रात्री दहानंतर नळसुद्धा सोडायचा नाही असे नियम सांगितलेत.”

दोघे-तिघे हसले. मजकूर वाईट नव्हता. घोटाळा वाक्यरचनेत होता. यातला हसायचा शब्द ‘नळ’. पण तो आल्यावर अजून पाच शब्द शिल्लक राहतात. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत सहज वाक्याच्या टोकाला बसणारा नेमका शब्द मराठीत क्रियापदाच्या आणि ‘असे सांगितले’च्या ओझ्याखाली दबतो. श्रोता हसायला तोंड उघडतो तोच बोलणारा अजून बोलत असतो. इंग्रजी कार्यक्रम पाहून शिकलेल्या मुलांची मराठी बोलताना फसगत होते ती बऱ्याचदा इथे.

चौथ्या खेपेस तिने यादी निम्मी केली होती आणि ‘नळ’ शेवटी आणला होता : “पाहुणे नकोत, अंडी नकोत, आणि दहानंतर... नळ.” क्रियापदच गेले. खोली हसली. पण दोन आठवड्यांनी तिने हे सारेच टाकून दिले आणि एवढेच म्हटले :

“मालकीणबाई म्हणाल्या, अगदी घरच्यासारखी राहा. म्हटलं, काकू, पुण्याला आलेय ते तेच टाळायला.”

‘तेच टाळायला पुण्याला आलेय’ हा सरळ क्रम. तो उलटून तिने ‘टाळायला’ टोकावर ठेवले. बोलीभाषा ही मोकळीक देते. लेखी मराठी देत नाही. ही उलथापालथ तिला कोणी व्याकरण सांगून शिकवली नव्हती. प्रत्येक खेपेला खोलीने तिला काय नको ते सांगितले होते.

यापेक्षा मोठा बदल अर्थाचा झाला. पहिल्या खेपेचा विनोद मालकीणबाईंवर होता. खडूस पुणेकर मालकीण हे तयार गिऱ्हाईक. त्यावर कोणीही हसते. शेवटच्या खेपेचा विनोद तिच्या स्वतःच्या घरावर, आणि घरातून निघून आलेल्या तिच्यावर. त्या रात्री आधी बायका हसल्या, पुरुष अर्ध्या क्षणाने. त्या अर्ध्या क्षणात काय होते ते खोलीतल्या प्रत्येकाला समजले. पुढे ती वडिलांविषयी बोलू लागली, आणि ते बोलणे ऐकण्यासारखे होते. सुबक वाक्य शोधता शोधता तिला खरे वाक्य सापडले. स्टँड-अपच्या शिक्षणाचे मोल यात आहे, असे मी मानतो.

७

आता या जागांवरच्या संकटाविषयी. भरताच्या यादीतली ढेकळे आता वेगळ्या दिशेने येतात.

२०२१ च्या पहिल्या दिवशी इंदूरमध्ये मुनव्वर फारूकी या तरुण कलाकाराला अटक झाली. ज्या विनोदांचा आरोप होता ते त्या कार्यक्रमात झालेच नव्हते, असे त्याच्या बाजूने मांडले गेले. सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळेपर्यंत तो महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होता. २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाची चित्रफीत पसरल्यावर, तो जिथे चित्रित झाला त्या मुंबईतल्या खारच्या ‘हॅबिटॅट’ या जागेची तोडफोड झाली आणि चालकांनी ती काही काळ बंद ठेवली. अमेरिकेचा इतिहासही निर्मळ नाही. लेनी ब्रूसला १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेबद्दल दोषी ठरवले गेले. दोन वर्षांनी तो वारला. राज्याने त्याला माफी दिली ती २००३ मध्ये.

या घटनांची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्य या शब्दाखाली होते आणि ते योग्यच आहे. माझा मुद्दा त्याला लागून असलेला पण अधिक साधा आहे. प्रसिद्ध कलाकारामागे वकील उभे राहतात, वर्तमानपत्रे उभी राहतात. पण त्याने आपला कार्यक्रम केला ती जागा बंद पडते तेव्हा दुसऱ्या दिवशी तिथे पाच मिनिटांसाठी नाव नोंदवलेला मुलगा कुठे जातो? त्याची बातमी होत नाही. जागेच्या मालकाने पुढच्या वेळी नुसते म्हटले की राजकारण नको, जात नको, धर्म नको, तरी पुरे. मग उरतात त्या घरमालकीणबाई.

दुसरे संकट आपल्याच खिशात आहे. खोलीत मोबाइल असतो आणि अर्धवट विनोदाची तीस सेकंदांची क्लिप रात्रीतून लाखभर लोक पाहतात. कुठल्याही लेखकाचा पहिला खर्डा असा चव्हाट्यावर आला तर तो लिहिणे सोडेल. विनोदी कलाकाराला पहिला खर्डा लोकांसमोरच लिहावा लागतो. त्याला दुसरा कागद नाही.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शिकण्याच्या नावाखाली कोणाचीही टिंगल सहन करायची का? जातीवरून, रंगावरून, बायकांवरून होणारे विनोद या खोल्यांत मी भरपूर ऐकले आहेत. समोर बसलेल्या एखाद्या मुलीचा चेहरा पडलेला पाहिला आहे. शिकणाऱ्याच्या पडण्याची किंमत तिने का मोजावी? माझे उत्तर असे की त्या खोलीत याचा निर्णय होतो, आणि होऊ द्यावा. ज्याच्यावर विनोद होतो तो माणूस चार हातांवर बसलेला असतो, बोलणाऱ्याला त्याचे डोळे दिसतात. न हसणे ही फार मोठी शिक्षा आहे. ती भोगून बदललेली मुले मी पाहिली आहेत आणि न बदलता मैफिलीबाहेर फेकली गेलेलीही. पडद्यावर मात्र ते डोळे नसतात. तिथे ज्याची टिंगल झाली तो गप्प बसतो आणि ज्याला हसायचे तो एकांतात हसतो. म्हणून वाईट विनोद सुधारतो तो खोलीत, आणि पडद्यावर तोच पोसला जातो.

८

विनोदाच्या समीक्षकाने या सगळ्यात काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात. लोकसाहित्याचे अभ्यासक एका ओवीची दहा गावांतली दहा रूपे नोंदवतात. तशी एका विनोदाची रूपे नोंदवली जावीत. ‘कोणता विनोद’ याबरोबर ‘कितव्यांदा, कुठे, कोणासमोर’ हे लिहिले जावे. दुसरे, फड, कलापथक, कथाकथन यांत काम केलेले जे जुने लोक अजून आहेत, त्यांना त्यांच्या गाजलेल्या प्रयोगांविषयी विचारून झाले. आता न रंगलेल्या रात्रींविषयी विचारावे. तिथे त्यांची विद्या आहे, आणि ती त्यांच्याबरोबर जाईल. तिसरे, गावोगावची वाचनालये, ज्यांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्यांनी महिन्यातून एक दिवस एक माइक आणि वीस खुर्च्या द्याव्यात. नोंदणीचे पैसे घेऊ नयेत, चित्रण करू देऊ नये, आणि शेवटची बस सुटण्याआधी कार्यक्रम संपवावा.

पहिले काही महिने तिथे फार कोणी हसणार नाही. ते चालेल.